जुन्या बुलेटचं पुढचं चाक

(समुदाय रेडिओवर सादर झालेलं भाषण)

आज आपण पाना-पक्कड घेऊन अंगणात बसणार आहोत. विषय आहे जुन्या मोटारसायकलचं पुढचं चाक कसं काढायचं आणि परत कसं बसवायचं. ऐकून काही जणी म्हणतील, हे आम्हाला कशाला? तर त्याचं कारण आधी सांगते.

आपल्याकडे कितीतरी घरांत सासऱ्यांची नाहीतर आजोबांची बुलेट पडवीत ताडपत्रीखाली उभी असते. दसऱ्याला तिला हार घालायचा, कधीतरी हौसेनं एखादी चक्कर मारायची, एवढाच तिचा वापर. अशा गाडीचं पुढचं चाक पंक्चर झालं की मोठी पंचाईत होते. दीडशे किलोंपेक्षा जड गाडी हवा नसलेल्या चाकावर ढकलत गावच्या नाक्यापर्यंत नेणं कठीण, आणि तशी नेली तर टायर-ट्यूबही खराब होते. त्यापेक्षा नुसतं चाक काढून स्कूटीवर किंवा रिक्षात घालून नेणं सोपं. आणि चाक आपण काढा किंवा मेस्त्रींनी काढो, परत बसवताना एक गोष्ट राहून गेली तर ब्रेक दाबताच चाक जागीच अडकतं. त्या गाडीवर आपल्याच घरातलं माणूस बसलेलं असतं. म्हणून ही माहिती घरातल्या प्रत्येकीला असायला हवी.

उदाहरणाला मी ड्रम ब्रेकची जुनी बुलेट घेते, कारण आपल्या भागात तीच जास्त दिसते. ही गाडी मूळची इंग्लंडमधल्या रेडिच गावची. १९५५ साली मद्रासला तिची जुळणी सुरू झाली, पुढे सगळे भाग इथेच बनू लागले. तिकडचं उत्पादन बंद पडलं, पण आपल्याकडे तीच रचना पुढे कितीतरी वर्षं चालत राहिली. त्यामुळे ड्रम ब्रेकच्या बऱ्याचशा बुलेटना चाक काढायची पद्धत एकच आहे. येझदी, राजदूत अशा गाड्यांत थोडा फरक असतो, तो नंतर सांगते.

आता आधी वजनाचा हिशेब समजून घेऊ. गाडी मेन स्टँडवर लावली की ती तीन ठिकाणी टेकते. स्टँडचे दोन पाय आणि तिसरं एक चाक. मागचं चाक अधांतरी असेल तर तिसरा टेकू म्हणजे पुढचं चाक. तेच आपण काढणार. तीन पायांच्या तिवईचा एक पाय काढल्यावर काय होईल, हे तुम्हाला सांगायला नको. गाडी तोंडावर येईल. म्हणून चाकाला हात लावायच्या आधी त्याच्या जागी दुसरा टेकू द्यायचा.

जागा सपाट आणि टणक हवी. शहाबादी फरशी, कोबा किंवा सिमेंटचं अंगण चांगलं. मातीत काम करायची वेळ आलीच तर स्टँडच्या पायांखाली जाड फळी घाला, नाहीतर स्टँड हळूहळू रुततो आणि गाडी कलते. मग इंजिनाच्या खाली, पुढच्या बाजूला लाकडी ठोकळे रचा. विटा नकोत. वीट भार घेते खरी, पण फुटायची वेळ आली की सांगून फुटत नाही. बुलेटच्या इंजिनाच्या तळाला ऑइल काढायचे बोल्ट असतात, त्यांच्यावर भार येऊ देऊ नका. त्यांना चुकवून, वर एक रुंद फळी येईल असे ठोकळे लावा. पुढचं चाक जमिनीपासून बोटभर उचललं गेलं आणि गाडी हलवून पाहिली तरी डुगडुगली नाही, की टेकू बरोबर बसला असं समजा. मागच्या कॅरियरला किंवा सीटवर दहा-पंधरा किलोंचं धान्याचं पोतं बांधलं तर आणखी बरं, गाडीचा कल मागे राहतो.

आणखी एक लक्षात ठेवा. मेन स्टँड मिटतो तो गाडी पुढे ढकलली गेल्यावर. त्यामुळे घट्ट बसलेल्या नटावर जोर लावताना गाडी पुढे सरकेल असा हिसका द्यायचा नाही. सगळ्यात चांगलं म्हणजे, टेकू देण्याआधी चाक जमिनीवर असतानाच चारही नट अर्धा-अर्धा फेरा सैल करून घ्यायचे. फक्त अर्धा फेरा, काढायचे नाहीत. मग टेकू द्यायचा आणि उरलेलं काम हलक्या हातानं करायचं. पेट्रोलचा कॉकही बंद करून ठेवा.

आता हत्यारं. योग्य मापाचा रिंग पाना, एक पक्कड, थोडं गंज सोडवायचं तेल, जुनं फडकं आणि सुट्या वस्तू ठेवायला दोन वाट्या. हो, दोन. एक डाव्या बाजूच्या वस्तूंसाठी, एक उजव्या. जुन्या गाड्यांवर इंची आणि मिलिमीटर अशा दोन्ही मापांचे नट सापडतात, कारण इतक्या वर्षांत कोणी कुठला नट बसवला असेल, सांगता येत नाही. पाना नटावर चपखल बसायला हवा. जरा जरी ढिला वाटला तर जोर लावू नका, नटाचे कोपरे झिजतात आणि पुढे तो छिन्नीनं तोडण्याची वेळ येते. गंजलेल्या नटाला आदल्या रात्री तेल सोडून ठेवा. पण जपून, थेंबभरच. तेल ओघळून ब्रेकच्या ड्रममध्ये गेलं तर ब्रेक लागणार नाही.

काम सुरू करण्याआधी मोबाइलवर तीन-चार फोटो काढा. डावीकडून, उजवीकडून, केबल कुठून कशी गेली आहे त्याचा, ब्रेकच्या प्लेटचा. बसवताना "हे वायसर आत होतं की बाहेर?" असा प्रश्न पडतोच. त्याचं उत्तर फोटोत असतं.

आता क्रमानं सांगते, कागद-पेन घ्या.

पहिलं काम ब्रेकच्या केबलचं. हँडलवरच्या किंवा चाकाजवळच्या ॲडजस्टरनं केबल पूर्ण सैल करा. मग चाकाजवळच्या ब्रेकच्या लिव्हरमधून केबलचं टोक सोडवा. तिथे छोटी पिन असेल तर ती वाटीत ठेवा. काही गाड्यांत मीटरची केबलही पुढच्या चाकात येते. तीही सोडवायची.

दुसरं काम शॉकअपच्या टोकांचं. बुलेटच्या पुढच्या शॉकअपचे दोन पाय असतात, आणि त्यांच्या खालच्या टोकांत चाकाचा एक्सल धरलेला असतो. प्रत्येक पायाच्या तळाशी एक टोपी असते. म्हणजे एक्सलचा वरचा अर्धा भाग पायाच्या खाचेत, खालचा अर्धा टोपीत. प्रत्येक टोपीला दोन नट. दोन पायांचे मिळून चार. हे चारही नट थोडे थोडे, आळीपाळीनं सैल करा. एकच बाजू आधी पूर्ण काढली तर चाक तिरकं लटकतं आणि दुसऱ्या बाजूच्या आट्यांवर ताण येतो.

तिसरं. शेवटचे फेरे काढताना चाक हातानं किंवा मांडीनं तोलून धरा, नाहीतर खाली पाट सरकवून ठेवा. नट निघाले की टोप्या निघतात आणि चाक खाली येऊन पुढच्या बाजूनं बाहेर पडतं. डाव्या पायाची टोपी डाव्या वाटीत, उजव्याची उजव्या वाटीत. टोपीची पुढची बाजू कुठली, यावर खडूनं खूण करा. या टोप्या ज्या पायाच्या त्याच पायाला आणि त्याच दिशेनं बसायला हव्यात, कारण एक्सलची गोल खाच दोन्हींत मिळून तयार झालेली असते. अदलाबदल झाली तर एक्सल नीट धरला जात नाही.

झालं, चाक निघालं. ते जमिनीवर ब्रेकच्या लिव्हरवर आडवं टाकू नका, लिव्हर वाकेल.

इतर गाड्यांचं सांगायचं राहिलं होतं. येझदी, राजदूत अशा गाड्यांत टोप्यांऐवजी एक्सल आरपार ओढून काढावा लागतो. एका टोकाला नट आणि दुसऱ्या बाजूला एक्सलला आवळून धरणारा छोटा बोल्ट असेल तर तो आधी सैल करायचा. तो तसाच ठेवून एक्सलवर हातोडी मारत बसलं तर शॉकअपचा पायच तडकतो. आणि बीएसएसारख्या काही इंग्रजी गाड्यांत पुढच्या एक्सलचे आटे उलटे असतात, म्हणजे आपल्या नेहमीच्या सवयीच्या विरुद्ध दिशेला फिरवल्यावर तो सुटतो. म्हणून जोर लावूनही काही हलत नसेल तर थांबायचं आणि आधी पाहायचं, की आपण दिशा बरोबर धरली आहे ना. ज्या नव्या गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक आहे, त्यांचं चाक बाहेर असताना हँडलवरचा ब्रेक चुकूनही दाबू नका. आतले पॅड एकमेकांकडे सरकतात आणि मग चाक परत बसत नाही.

आता एक काळजीची गोष्ट. चाक बाहेर आलं की ब्रेकची प्लेट काढून आत पाहायचा मोह होतो. आत काळपट धूळ साचलेली असते, आणि मेस्त्री ती सहज फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपनं उडवतात. हे करू नका आणि आपल्या दारात करू देऊ नका. जुन्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस वापरलेलं असायचं. ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कर्करोग करू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. १९६५ साली लंडनमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं, की ज्या बायका ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात कधी कामाला नव्हत्या, अशांपैकी काही जणींनाही छातीच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग झाला होता. त्यांच्या घरातलं माणूस कारखान्यात कामाला होतं आणि त्याचे धुळीनं भरलेले कपडे त्या घरी धूत होत्या.

कारखान्यातली धूळ आणि एका ब्रेकमधली धूळ यांत खूप फरक आहे, घाबरून जायचं कारण नाही. पण काळजी घ्यायला पैसेही लागत नाहीत. मुलांना दूर पाठवा, धूळ ओल्या फडक्यानं हळूच टिपून घ्या. ते फडकं पिशवीत बांधून टाकून द्या, धुऊन परत वापरू नका. त्या दिवशीचे कपडे झटकायचे नाहीत, आधी पाण्यात बुडवायचे आणि वेगळे धुवायचे. नुसतं पंक्चर काढायचं असेल तर प्लेट उघडायची गरजच नाही.

चाक हातात आहे तोवर तीन गोष्टी तपासून घ्या, कारण अशी संधी पुन्हा लवकर येत नाही. एक, बेअरिंग. एक्सल बोटांनी फिरवा. लोण्यासारखा फिरला तर ठीक, खरखर लागली किंवा आत-बाहेर हलला तर बेअरिंग बदलायला झालं. दोन, स्पोक. पान्यानं एकेका तारेवर हलकेच टिचकी मारत जा. ताठ तार टणत्कार करते, सैल तार ठस्स वाजते. मडक्याची पारख करणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. तीन, टायरचं वय. जुनी गाडी फार फिरत नाही, म्हणून टायरची नक्षी शाबूत असते आणि आपण म्हणतो, टायर नवाच आहे की! पण रबर उभ्या उभ्याही कडक होतं. टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. तीनच आकडे असतील तर तो २००० सालाच्या आधीचा. तशा टायरचं पंक्चर काढण्यात पैसे घालवू नका, टायरच बदला. रबरावर बारीक भेगा दिसत असतील तरीही तेच.

आता येते खरी जबाबदारी, चाक परत बसवायची. इथे लक्ष देऊन ऐका.

ब्रेकची प्लेट चाकाबरोबर फिरत नाही. ती स्थिर राहते आणि तिच्यावरचे ब्रेक शू फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबतात. शू ड्रमला चिकटले की फिरणारं चाक प्लेटलाही आपल्याबरोबर फिरवू पाहतं. तिला कोण अडवतं? बुलेटमध्ये शॉकअपच्या पायावर एक उंचवटा असतो आणि प्लेटवर त्याच मापाची खाच असते. तो उंचवटा खाचेत बसलेला असला तरच प्लेट जागेवर राहते. काही गाड्यांत खाचेऐवजी लोखंडी पट्टी असते, ती बोल्टनं पायाला जोडलेली असते. काम तेच.

हा उंचवटा खाचेत न बसवता चाक घातलं तर अंगणात काहीच कळत नाही. चाक फिरतं, गाडी चालते. रस्त्यावर पुढचा ब्रेक जोरात दाबला, की प्लेट चाकाबरोबर गरकन फिरते, केबल ओढून गुंडाळली जाते आणि चाक जागीच अडकतं. गाडी थांबते, पण वर बसलेलं माणूस थांबत नाही, ते हँडलवरून पुढे फेकलं जातं. म्हणून चाक खालून वर घेताना प्लेट हातानं फिरवून खाच आणि उंचवटा समोरासमोर आणायचे, नीट बसले हे डोळ्यांनी पाहायचं, आणि मगच टोप्या लावायच्या. अंदाजावर सोडायचं नाही. बॅटरी लावून पाहा.

टोप्या आपापल्या पायाला, आपापल्या दिशेनं लावा. चारही नट वायसर घालून हातानंच फिरवा, पाना अजून नको. मग केबल जोडा. चाक फिरवा आणि ब्रेकचं लिव्हर दाबून धरा, म्हणजे शू ड्रमच्या मधोमध बसतात. नट अजून थोडे सैल असताना टेकू काढा, स्टँड सोडा, गाडी दोघींनी धरून हँडल तीन-चार वेळा खाली दाबा आणि सोडा. शॉकअपचे पाय वर-खाली होताना एक्सलवर आपली नैसर्गिक जागा घेतात. हे न करता नट आवळले तर दोन पाय एकमेकांना ओढून धरतात आणि शॉकअप अडकत चालतो.

आता पाना घ्या. पुढचा नट थोडा, मागचा थोडा, मग दुसऱ्या पायाचे तसेच. टोपी आणि पाय यांच्यात बारीक फट दिसते. ती पुढच्या आणि मागच्या बाजूला सारखी असली पाहिजे. एका बाजूला फट बंद आणि दुसऱ्या बाजूला उघडी, असं असेल तर सैल करून पुन्हा करा. नट घट्ट हवेत, पण पान्याला पाइप लावून अंगाचा भार टाकायचा नाही. जुने आटे निघून येतात.

शेवटी केबल. चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि लिव्हर दाबल्यावर ते हँडलच्या दांड्याला टेकण्याच्या बरंच आधी ब्रेक लागला पाहिजे. जिथे काटापिन होती तिथे नवीन घाला, जुनी सरळ करून परत वाकवली की तुटते. मग गाडीवर न बसता, चालत ढकलत न्या आणि ब्रेक दाबून पाहा. मग आळीत सावकाश एक चक्कर. घरी आल्यावर चारही नट पुन्हा एकदा पान्यानं तपासा. थोडा प्रवास झाल्यावर ते बसतात आणि किंचित सैल होतात. पुढच्या दोन-चार फेऱ्यांनंतरही पाहा.

ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे जातो, मागचं चाक हलकं होतं. गाडी थांबवण्याचं जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. "मागचा आहे ना, चालवून घेऊ" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

आणि ज्यांना हे काम स्वतः करायचं नाही, त्यांच्यासाठीही थोडं सांगते. गाडी गॅरेजमधून परत आली, पुढचं चाक काढलं होतं असं कळलं, तर घेण्याआधी चार गोष्टी पाहा. प्लेटच्या खाचेत शॉकअपचा उंचवटा बसला आहे का? टोप्यांचे चारही नट आहेत का, आणि फट दोन्हीकडे सारखी आहे का? केबलच्या टोकाला पिन आहे का? चाक मोकळं फिरून ब्रेकला नीट थांबतं का? या चार गोष्टींना दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. मेस्त्रींना विचारायला संकोच वाटायचं कारण नाही. "दादा, खाच बसली का, जरा दाखवा," एवढं म्हटलं की चांगला मेस्त्री आनंदानं दाखवतो. आणि जो दाखवायला कुरकुर करतो, त्याचं काम तर नक्कीच वाकून पाहा.

तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर आज संध्याकाळी तिचं ताडपत्रीचं पांघरूण काढा. पाना घेऊ नका, नुसतं खाली बसून पाहा. खाच कुठे आहे, उंचवटा कुठे आहे, टोप्यांचे नट कुठे आहेत, टायरवरचे आकडे काय सांगतात. घरातल्या मुलीलाही शेजारी बसवा.